पाचशे मीटरचं वर्तुळ

मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला पोहोचली आणि बंद झाली. तिला जाऊन 60 वर्षं उलटली, तरी दादर पूर्वेच्या चौकाला लोक आजही ‘दादर टी.टी.’च म्हणतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. रूळ उखडले गेले, डबे भंगारात गेले, पण त्यांच्या भोवती वसलेली हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंगा ही वस्ती जशी आखली तशी राहिली आणि अजूनही पायी चालण्याजोगी आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हा भाग आखताना आधी ट्रामचे रुंद रस्ते ठरवले, त्यांना जोडणाऱ्या अरुंद गल्ल्या काढल्या, बागा आणि शाळा-कॉलेजांच्या जागा राखल्या आणि मग भूखंड भाडेपट्ट्याने दिले. तीन-चार मजली इमारती, कोपऱ्यावर किराणा आणि न्हाव्याचं दुकान, आणि कुठल्याही घरातून निघालं तरी सावलीतून स्टेशन गाठता येईल अशी वाट. आज आपण ज्याला मोठ्या थाटाने ‘स्थानककेंद्रित विकास’ म्हणतो, तो मराठी शहरी माणसाने शंभर वर्षांपूर्वी राहून पाहिलेला आहे. त्यातला क्रम महत्त्वाचा होता: आधी वाट, मग भूखंड, मग मजले.

पुणे आणि नागपूर या दोन शहरांत तो क्रम आज उलटा झाला आहे. नागपुरात पहिली मेट्रो 8 मार्च 2019 रोजी सुरू झाली, पुण्यात 6 मार्च 2022 रोजी. पुण्यात सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा खुला झाल्यावर पहिल्या टप्प्याच्या दोन्ही मार्गिका पूर्ण झाल्या. या दोन शहरांत स्थानकाभोवतीच्या वस्तीसाठी शासनाने जे प्रमुख साधन वापरलं ते एकच आहे, वाढीव चटईक्षेत्र. नागपुरात मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना 500 मीटर, पुण्यात सुरुवातीला तसाच पट्टा आणि नंतर स्थानकाभोवती 500 मीटर त्रिज्येचं वर्तुळ, आणि त्यात भूखंडाच्या आकारानुसार व रस्त्याच्या रुंदीनुसार वाढत जाऊन 4 पर्यंत पोहोचणारा एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. नकाशावर कंपासने वर्तुळ काढायचं आणि त्याच्या आत बांधायची मुभा वाढवायची, एवढ्याने स्थानकाभोवती वस्ती उभी राहील हे त्यामागचं गृहीतक आहे. माझं म्हणणं असं, की हे गृहीतक मुळातच चुकीचं आहे. स्थानकाभोवतीच्या नियोजनाचं एकक बांधकामाचं क्षेत्रफळ नाही, चालण्याची वाट आहे. वाट आखली नसेल तर वाढीव चटईक्षेत्राने मेट्रोला प्रवासी मिळत नाहीत, रस्त्याला मात्र गाड्या मिळतात.

आधी साधी भूमिती पाहू. 500 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 78 हेक्टर भरतं. पण माणूस पक्ष्यासारखा सरळ रेषेत जात नाही. रस्ते अगदी चौकटीत, काटकोनात आखलेले असले तरी 500 मीटर चालून पोहोचता येणारा भाग वर्तुळ नसतो. तो स्थानकाभोवतीचा कोनावर उभा चौकोन असतो आणि त्याचं क्षेत्रफळ 50 हेक्टर. म्हणजे आदर्श परिस्थितीतही वर्तुळाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग प्रत्यक्षात 500 मीटरच्या पलीकडे असतो. आता त्या चौकटीत एक नदी घाला, रेल्वेचे रूळ घाला, लष्कराची सीमाभिंत घाला, दोन-दोनशे मीटर लांबीची गृहसंकुलाची भिंत घाला, की उरलेल्या 50 हेक्टरांतले किती हाताशी राहतात ते स्थानकागणिक मोजावंच लागेल. असा नकाशा काढायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. रस्त्यांची आणि बोळांची माहिती हाती असली की प्रत्येक घरापासून फलाटापर्यंतचं खरं अंतर काढता येतं. त्यातून जी वेडीवाकडी आकृती निघते, ती त्या स्थानकाचं खरं क्षेत्र. स्थानककेंद्रित विकासाच्या 2017 च्या राष्ट्रीय धोरणातही प्रभावक्षेत्राची कल्पना 500 ते 800 मीटर, म्हणजे सुमारे 10 मिनिटांच्या चालीची आहे. मिनिटांत सांगितलेली गोष्ट आपल्या नियमावलीत मीटरमध्ये आली आणि तीही सरळ रेषेच्या मीटरमध्ये, इथेच घसरण झाली.

पुण्याची पहिली मार्गिका या दृष्टीने पाहावी. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून दापोडीपर्यंत ती जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेने जाते. हा रस्ता पार करणं हेच पायी माणसापुढचं पहिलं संकट आहे: मधल्या वेगवान मार्गिका, सेवा रस्ते, बीआरटीची मार्गिका, त्यापलीकडे बऱ्याच ठिकाणी लोहमार्ग. पुढे दापोडी, बोपोडी, खडकी, रेंजहिल या भागात लष्करी संस्थांच्या आणि छावणीच्या जमिनी आहेत. तिथे वर्तुळ काढलं तरी त्याचा मोठा भाग भिंतीमागे जातो. उलट, दुसऱ्या मार्गिकेवर एक चांगली गोष्ट झाली. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानकं मुठेच्या काठावर आहेत, म्हणजे वर्तुळाचा मोठा भाग नदी आणि नदीपलीकडच्या पेठांचा. तिथे नदीवरून पादचारी पूल आखले गेले आणि नारायण पेठ, शनिवार पेठ ही जुनी, दाट, दुकानांनी गजबजलेली वस्ती स्थानकाला जोडायची वाट तयार झाली. चटईक्षेत्राचा एक चौरस मीटरही न वाढवता एका पुलाने स्थानकाचं क्षेत्र वाढतं. माझ्या मते पुण्यातल्या सगळ्या स्थानक-नियोजनातला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे, आणि त्याची चर्चा मात्र स्थानकाच्या पगडीसारख्या छपराइतकीही झाली नाही.

यावर पहिला आक्षेप ठाशीव आहे आणि तो टाळता येणार नाही. मेट्रो हजारो कोटींची आहे. ती भरायची तर तिच्याजवळ खूप माणसं राहिली पाहिजेत, आणि माणसं राहायची तर उंच बांधावं लागेल. दाटी हवी हे मला पूर्ण मान्य आहे. पण बांधकामाची दाटी आणि माणसांची दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोथरूडमध्ये चार दशकांपूर्वीची तीन मजली सोसायटी पाडून तिच्या जागी टॉवर उभा राहतो, तेव्हा जुन्या दोन खोल्यांच्या घरांच्या जागी मोठी, तीन बेडरूमची घरं येतात. चटईक्षेत्र दुप्पट-तिप्पट होतं, माणसं त्या प्रमाणात वाढत नाहीत आणि वाढतात ती बहुधा आपली गाडी घेऊनच येतात. तळमजला, तळघर आणि त्यावरचे दोन-तीन मजले वाहनतळाला जातात. पूर्वी जिथे रस्त्याला लागून ओटा, खिडकी किंवा दुकान होतं तिथे आता वाहनतळाची कोरी भिंत असते. गाडी वळवायची जागा धरली तर एका चारचाकीला साधारण 25 चौरस मीटर लागतात, म्हणजे जवळजवळ एका छोट्या घराएवढी जागा. स्थानकापासून पाच मिनिटांवर, शहरातल्या सर्वांत मोलाच्या जमिनीवर, आपण घराऐवजी उभ्या गाड्या साठवतो आहोत. राष्ट्रीय धोरण अशा क्षेत्रात वाहनतळ आवरता ठेवा, महाग ठेवा असं सांगतं. पुण्याने 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूरही केलं. ते रस्त्यावर आलं नाही.

नवी मुंबईच्या मूळ कल्पनेच्या जनकांपैकी एक असलेले शिरीष पटेल यांनी या प्रश्नावर आयुष्यभर लिहिलं. चटईक्षेत्राचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, माणशी किती रस्ता आणि किती मोकळी जागा आहे ते सांगा, असा त्यांचा आग्रह होता. मॅनहॅटनचा एफएसआय मुंबईत आणा म्हणणाऱ्यांना ते आठवण करून देत, की मॅनहॅटनची एक मोठी वाटणी रस्त्यांना आणि पदपथांना दिलेली आहे. तेवढ्या उंच इमारती आठ-नऊ मीटरच्या गल्लीवर उभ्या केल्या तर त्यांच्यातून उतरणारी माणसं उभी कुठे राहतील? हाच प्रश्न पुण्याच्या पेठांना, नागपूरच्या सीताबर्डीला आणि उद्या नाशिकला विचारायला हवा. दादर-माटुंग्याने तीन-चार मजल्यांत रेल्वे आणि ट्राम दोन्ही भरतील एवढी दाटी सांभाळली, कारण घरं लहान होती, दुकानं खाली होती आणि रस्त्यांचं जाळं बारीक होतं. दाटीसाठी उंचीच लागते असं नाही. लागते तिथे ती जरूर द्यावी, पण ती वाटेच्या रुंदीवरून ठरवावी. आपले नियम भूखंडापुढच्या रस्त्याची रुंदी विचारतात, हे बरं आहे. त्या रस्त्याला पदपथ आहे का, तो स्थानकापर्यंत सलग जातो का, हे मात्र विचारत नाहीत.

बाहेरच्या शहरांनी हे धडे चुकत-माकतच घेतले आहेत, म्हणून ते कामाचे. अमेरिकेत पोर्टलंडने 1986 मध्ये पहिली लाइट रेल बांधली ती बऱ्याच अंतरापर्यंत महामार्गाच्या कडेने, कारण तिथे जमीन हाताशी होती. त्या स्थानकांच्या एका बाजूला वेगवान गाड्या, दुसऱ्या बाजूला उतार आणि भिंती. तिथे वस्ती रुजायला फार कष्ट पडले. पिंपरी-चिंचवडच्या मार्गिकेशी असलेलं हे साम्य आपण गांभीर्याने घ्यायला हवं. पश्चिमेकडचा पुढचा मार्ग 1998 मध्ये सुरू झाला, तेव्हा तिथल्या यंत्रणांनी गाडी सुरू होण्याच्या आधीच स्थानकांभोवतीचे बांधकाम-नियम बदलले होते आणि ऑरेन्को स्टेशनसारखी वस्ती मोकळ्या जमिनीवर चालण्याच्या हिशेबाने वसली. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये भुयारी स्वयंचलित गाडीची योजना तयार होती. 1989 मध्ये कॅथरीन ट्रॉटमान महापौर झाल्या आणि त्यांनी ती बाजूला ठेवून रस्त्यावरून धावणारी ट्राम निवडली. ती 1994 मध्ये सुरू झाली. त्यांचा मुद्दा असा होता, की गाडी जमिनीखाली घालणं म्हणजे वरचा रस्ता मोटारींना कायमचा देऊन टाकणं. शहराचा मुख्य चौक मोटारींसाठी बंद झाला. व्यापाऱ्यांनी विरोध केला होता, पण चौक ओस पडला नाही. आपल्याकडे नागपूरच्या वर्धा रस्त्यावर आणि पुण्याच्या नळस्टॉपला मेट्रोच्या खाली उड्डाणपूलही बांधला. अभियांत्रिकी म्हणून ती कामं मोठीच आहेत. पण एकाच खांबावर मेट्रो आणि तिच्याशी स्पर्धा करणारा रस्ता दोन्ही चढवले, की खाली चालणाऱ्याच्या वाट्याला खांब आणि वळणं उरतात.

आणखी एक गोष्ट कोपनहेगनकडून शिकण्यासारखी आहे, आणि तिच्याकडे आपल्या धोरणाचं जवळजवळ लक्षच नाही. तिथे 1,500 चौरस मीटरपेक्षा मोठी कार्यालयं स्थानकापासून 600 मीटरच्या आत असावीत असा नियम आहे. घरांपेक्षा कामाच्या जागेवर हा भर का? घराच्या टोकाला माणसाकडे सायकल असते, स्कूटर असते, कुणीतरी सोडायला येतं. कामाच्या टोकाला त्याच्याकडे फक्त पाय असतात. म्हणून लोक घरापासून स्थानकापर्यंत जितकं चालतील तितकं स्थानकापासून कचेरीपर्यंत चालत नाहीत, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पुण्यात हा मुद्दा हिंजवडीला येऊन थेट भिडतो. 23 किलोमीटरची आणि 23 स्थानकांची हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिका आयटी पार्कात पोहोचते, पण तिथल्या कंपन्यांची आवारं मोठमोठ्या भिंतींनी वेढलेली आहेत आणि फाटक बहुधा एकच असतं, तेही मोटारी येतात त्या बाजूला. भिंतीपलीकडे दीडशे मीटरवर दिसणारी इमारत फाटकातून गाठायला एक किलोमीटर पडू शकतो. इथे एफएसआयचा काय उपयोग? इथे प्रत्येक आवाराला स्थानकाच्या बाजूने दुसरं, पायी माणसाचं फाटक उघडायला लावणं हेच नियोजन आहे. खर्चाने ते क्षुल्लक आहे आणि परिणामाने मोठं.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात घेतो, कारण तो दिसतो तेवढा अवघड नाही. वाढीव चटईक्षेत्रावरच्या अधिमूल्यातून मेट्रोचा खर्च निघतो, ते कमी केलं तर पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जातं. पण सिडकोने नवी मुंबईत रेल्वेचा 67 टक्के खर्च उचलला तो जमिनीच्या मोलातून, आणि ते मोल आलं वसाहती, बाजार आणि स्थानकं एकत्र आखल्यामुळे. वाशी, बेलापूरला स्थानकाच्या डोक्यावरच कार्यालयं बसवली. पुणे आणि नागपूरकर घर घेताना मेट्रोसाठी 1 टक्का अधिभार आजही भरतात. त्या पैशातला काही वाटा स्थानकाभोवतीच्या पदपथांसाठी बांधून ठेवला, तर भरणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटेल.

जास्त खोल आक्षेप वेगळा आहे. नव्या वसाहतीत वाटा आखणं सोपं, पण बांधून झालेल्या शहरात त्या कुठून आणणार? पुण्यात जागा नाही, हे वाक्य इतक्यांदा म्हटलं जातं की ते खरं वाटू लागतं. पुनर्विकास ही दर 40-50 वर्षांनी येणारी संधी असते. त्या वेळी प्रत्येक मोठ्या भूखंडाकडून कडेची तीन-चार मीटर रुंद पट्टी वाटेसाठी घेता येते आणि मोबदल्यात तेवढं चटईक्षेत्र देता येतं. अहमदाबादेत आश्रम रोडच्या स्थानिक क्षेत्र आराखड्यामागे हीच कल्पना आहे: मोठे ठोकळे फोडून मधून नव्या गल्ल्या काढायच्या. महाराष्ट्राला तर हे शिकायला गुजरातेत जायचीही गरज नाही. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून जमिनी एकत्र करून, पुन्हा आखून, रस्ते काढून मालकांना परत देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पुण्यातला शिवाजीनगर-डेक्कनचा आजही सुसह्य वाटणारा भाग भांबुर्ड्याच्या नगररचना योजनेतूनच आला. एफएसआय 4 तसाच ठेवा, पण तो वाट देणाऱ्यालाच द्या. स्थानकाकडे जाणारा सार्वजनिक बोळ सोडला नाही, आवाराची भिंत रस्त्याच्या बाजूने पारदर्शक ठेवली नाही, तळमजल्यावर दुकान किंवा दार ठेवलं नाही, तर मूळ चटईक्षेत्राच्या वर एक चौरस मीटरही नको. मालकाचं यात काही हिरावून घेतलं जात नाही, कारण जे वाढीव आहे ते शहराने दिलेलं आहे.

या सगळ्यात राहणार कोण, हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. स्थानकाजवळ जमीन महागते आणि मेट्रोची ज्यांना खरी गरज आहे, म्हणजे रुग्णालयातल्या परिचारिका, दुकानातले मदतनीस, घरकाम करणाऱ्या बाया, शिकायला आलेली मुलं, त्यांना दूर ढकलते. ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत ते स्थानकाशेजारी राहतात आणि ज्यांच्याकडे एकही नाही ते बस बदलून स्थानकाला येतात. यावर उपाय लहान घरांचा सक्तीचा वाटा आणि भाड्याची घरं; गावठाणं आणि जुने वाडे यांत जी परवडणारी घरं आहेत ती आधी वाचवणं. पथारीवाल्यांचाही विचार यातच येतो. 2014 चा पथविक्रेता कायदा त्यांना नैसर्गिक बाजारात जागा देतो, आणि स्थानकाच्या जिन्याशी भरणाऱ्या बाजारापेक्षा नैसर्गिक बाजार कोणता असेल? संध्याकाळी उतरलेल्या माणसाला घरी जाताना मेथीची जुडी आणि दूध वाटेतच मिळालं तर तो स्कूटर काढायला पुन्हा बाहेर पडत नाही. भाजीवाल्यांना हटवून तिथे कुंड्या मांडणं, हे सुशोभीकरण प्रवासी कमी करतं.

लोक चालतच नाहीत, ऊन-पावसाचा देश आहे, स्थानकाशी आधी वाहनतळ द्या, असं म्हणणाऱ्यांचं एका मर्यादेपर्यंत खरं आहे. वनाझ, रामवाडी या टोकाच्या स्थानकांवर लांबून येणाऱ्यांसाठी दुचाकी लावायची सोय आज हवीच, आणि तिथे पीएमपीच्या छोट्या बस वेळेवर सुटल्या पाहिजेत. पण मंडई, कसबा पेठ, नळस्टॉप इथे वाहनतळ मागणं म्हणजे गर्दीला आमंत्रण. आणि पुणेकर चालत नाही हे खरं नाही. दरवर्षी 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग पादचारी दिनासाठी मोकळा होतो तेव्हा, आणि गणपतीत तर दहा दिवस, तो मैलोन्‌मैल चालतो. अडचण उन्हाची नाही. अडचण आहे तुटलेल्या पदपथाची, त्यावर चढवलेल्या गाड्यांची, डीपीच्या पेटीची, आणि पाच मिनिटांच्या वाटेत तीनदा रस्त्यावर उतरायला लागण्याची. 2016 मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, ते चांगलं आहे. पण जिना महामेट्रोचा, पदपथ पालिकेचा, बसथांबा पीएमपीचा आणि सिग्नल वाहतूक पोलिसांचा, अशा चार घरांत ही 500 मीटरची वाट विभागलेली आहे. प्रत्येक स्थानकासाठी एक जबाबदार अधिकारी आणि त्याच्या हाती त्या वाटेचा एक अर्थसंकल्प असावा, एवढी मागणी अवास्तव नाही.

जून 2025 मध्ये केंद्र सरकारने वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्तारांना मंजुरी दिली: 12.75 किलोमीटर आणि 13 स्थानकं, त्यांतली बहुतेक नगर रस्त्यावर. वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली. तिथे आज शेतं, गोदामं, खडीच्या खाणी आणि नवे टॉवर शेजारी-शेजारी आहेत, आणि रस्ते अजून बरेचसे जुन्या शिववाटांचे आहेत. तिथली स्थानकं कुठे येणार हे माहीत आहे; त्यांच्यापर्यंत कोणत्या बोळातून जायचं हे कुणीही ठरवलेलं नाही. तिथल्या 11 स्थानकांभोवती आज नगररचना योजना जाहीर केली, तर पहिली गाडी येईपर्यंत सलग पदपथ आणि सार्वजनिक गल्ल्या ताब्यात येतील. नाहीतर दर महिन्याला एका नव्या संकुलाची भिंत उभी राहील, आणि त्या भिंतीतून वाट काढायला पुढची 50 वर्षं पुनर्विकासाची वाट पाहावी लागेल.